बाईंनी दार उघडलं तेव्हा

आमच्या तिसरीच्या बाई शूर स्त्रियांच्या गोष्टी सांगायच्या आणि ऐन लढाईत थांबायच्या. राणी बाळाला पाठीशी बांधून घोड्यावर बसली आहे, समोर खोल उतार आहे, मागून शत्रू येतो आहे, आणि बाई खडू टेबलावर ठेवून विचारायच्या, "मग काय? भीती वाटली असेल का तिला?" या सवयीमुळे नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शाळेत त्यांचं नाव 'मगकाय बाई' पडलं होतं. खरं नाव मुख्याध्यापकांनाच काय ते माहीत असावं.

आम्ही सगळे एका सुरात "नाही!" म्हणून ओरडायचो. राणीला कसली भीती? पुस्तकातल्या चित्रात तिची तलवार उंच होती आणि चेहरा शांत. बाई म्हणायच्या, "चित्र काढणारा तिथं हजर होता का? मला विचाराल तर मी घाबरले असते." मग आमचा गोंधळ उडायचा. घाबरली असेल तर ती शूर कशी? आणि शूर नसेल तर पुस्तकात कशी आली? सहामाहीच्या पेपरात 'राणी कशी होती?' असा प्रश्न आला, तेव्हा मी लिहिलं, 'शूर होती, पण घाबरली होती की नाही ते आम्हाला ठाऊक नाही.' हे वाचून माझे वडील दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परस्पर शाळेत गेले. परत आले ते डोकं खाजवत. आईला म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे की चूक, मला काही कळलं नाही. चहा मात्र चांगला पाजला."

स्नेहसंमेलनात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या बाईंचा प्रवेश बसवायचा ठरला. शिकवायला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण फेकायचे, तो प्रसंग. मुख्य काम माझ्याकडे आलं. पण शेण फेकणारे व्हायला वर्गातलं कुणीच तयार होईना. बाई हसल्या. "सगळेच चांगले म्हटल्यावर फेकणार कोण?" असं म्हणून त्यांनी बागेतली ओली माती उचलली, तिचा गोळा केला आणि तालमीत माझ्या पोलक्यावर फेकला. लागलं काहीच नाही, तरी मी भोकाड पसरलं. बाईंनी मला जवळ घेतलं, पदराने माती पुसली आणि विचारलं, "ती दुसऱ्या दिवशी परत त्याच रस्त्यानं गेली. तू जाशील?" मी हुंदके देत "नाही" म्हटलं. मला वाटलं, आता रागावतील. तर त्या म्हणाल्या, "मी तरी गेले असते की नाही, कोण जाणे." रागवायचं सोडून शिक्षक असं बोलले तर मुलानं करायचं काय?

त्याच हिवाळ्यात शाळेत बिबट्या शिरला. नाशिककरांना आता याचं नवल राहिलेलं नाही, पण तेव्हा होतं. मधली सुट्टी संपत आली होती. शाळेमागच्या नाल्याकडून "बिबट्या, बिबट्या!" असा आरडाओरडा आला. बाईंनी आम्हाला अक्षरशः ढकलत वर्गात घेतलं आणि दार लावलं. आतली कडी मोडलेली होती, म्हणून टेबल ओढून दाराला लावलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाई, मंजुळा नळावर आहे."

मंजुळा पेठ तालुक्याकडची. तिचे आईवडील आमच्या भागात इमारतींच्या कामावर होते. ती वर्गात फारशी बोलत नसे, त्यामुळे ती नाही हेही चटकन लक्षात आलं नव्हतं. बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी टेबल बाजूला केलं, "दार लावून घ्या," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

त्या मंजुळेला ओढत घेऊन आल्या, तिला आमच्यात लोटलं आणि जमिनीवर बसून मोठ्यानं रडायला लागल्या. मोठ्या माणसाला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बिबट्याला वन खात्याच्या लोकांनी दुपारी पलीकडच्या अर्धवट इमारतीत जाळीत पकडलं. काही मुलं म्हणाली, तो कुंपणाच्या भिंतीवर बसून बाईंकडेच बघत होता. मी खिडकीपाशी नव्हते. तरी हा प्रसंग इतक्यांदा सांगितला आहे की आता मलाही तो भिंतीवर बसलेला दिसतो.

कॉलनीतल्या मंडळानं बाईंचा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, 'आजची रणरागिणी' असं भाषणही झालं. बाईंनी माईक घेतला.

"एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "मंजुळा बाहेर आहे हे मला कळलं होतं. तरी मी लगेच दार उघडलं नाही. उघडू नये, असंही मनात आलं. आत एवढी मुलं आहेत, असं मी स्वतःला सांगत होते. पण ते मुलांसाठी होतं की माझ्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही."

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मध्येच थांबवल्या. तेवढ्यात मागे बायकांमध्ये बसलेली मंजुळेची आई उठली.

"बाई, पन उघडलं ना दार? माझी पोर घरी आली ना?"

"आली. पण तेवढ्या वेळात काही झालं असतं तर?"

"मंग मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली. "आता कशाला देऊ?"

बाईंनी तिला हात जोडले. शाल खुर्चीवर ठेवून त्या मांडवातून निघून गेल्या.

घरी जाताना वडील म्हणाले, "हे सांगायची काय गरज होती?" आई म्हणाली, "होती." यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला आणि मला दोघांचंही पटायचं. वर्ष संपताना बाईंची बदली झाली. निवृत्तीनंतर त्या एकलहऱ्याला भावाकडे राहायच्या. मी अधूनमधून भेटायला जायचे, पण त्या दिवसाबद्दल विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. यंदा त्या गेल्या.

आता माझी मुलगी तिसरीत आहे. तिला शाळेत एका धाडसी स्त्रीवर बोलायचं आहे आणि तिला मगकाय बाईंवरच बोलायचं आहे. काल कागद घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, बाई शूर होत्या असं लिहू, की घाबरल्या होत्या असं लिहू?" मी मंजुळेला फोन लावला. ती दिंडोरीला एका दवाखान्यात नर्स आहे.

"तुला काय आठवतं गं त्या दिवसाचं?"

ती म्हणाली, "बिबट्या तर मी पाहिलाच नाही. बाईंचा हात आठवतो. गार पडला होता आणि सारखा कापत होता. पण इतका घट्ट धरला होता, की माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटली होती. आईनं रात्री तेल लावलं."

मुलीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.