ग्राफमधलं वळण आणि काटोलचा बैल

आमच्या लॅबमध्ये सकाळी आणलेला द्रव नायट्रोजन संध्याकाळपर्यंत निम्मा उडून जातो. किस्से मात्र कंटेनरच्या तोंडावरच्या बर्फासारखे साचत राहतात. खरवडले तरी पुन्हा तितकेच!

आधी माझं काम सांगते. मँगनीजच्या एका संयुगात चिमूटभर लोखंड मिसळायचं आणि ते नायट्रोजननं गारठवत न्यायचं. एका ठरावीक थंडीला ते एकदम चुंबक होतं आणि ग्राफ वळण घेतो. माझे गाईड, म्हणजे सर, त्याला 'संक्रमण' म्हणतात. ते वळण म्हणजे माझी पीएचडी! बाबांनी मुदत दिली होती, "मार्चपर्यंत. मग मी स्थळं बघणार."

स्थळं तर आधीच सुरू! एका काकूंनी विचारलं, "मुलगी काय करते?" आई म्हणाली, "चुंबकं थंड करते."

काकू जवळ सरकल्या. मग हळूच, "काहून? तापतात का?"

*

नायट्रोजन आम्ही उसना घ्यायचो, काटोलच्या डॉ. वानखड्यांकडून. जनावरांचे डॉक्टर. गाईंसाठी बैलांचं वीर्य प्लास्टिकच्या बारीक नळ्यांत गोठवून ठेवत. (घरी मी 'औषध' म्हणते.) रिकाम्या नळ्याही त्यांच्याच, आम्ही त्यांत सॅम्पल भरायचो.

एकदा भर मे महिन्यात मी आणि आमचे अटेंडंट नामदेवभाऊ काटोलहून आलेला कंटेनर घेऊन रिक्षानं शहरातल्या रामदासपेठेतून लॅबकडे निघालो. झाकणातून धूर! पोलिसानं अडवलं.

"काय आहे गा यात?"

"थंडी," नामदेवभाऊ म्हणाले.

पोलिसानं घाम पुसला. "मग थोडी इथंच सांडा ना!"

*

लॅबमध्ये पान खायला बंदी. एकदा सर अचानक आले आणि नामदेवभाऊंनी हातातला विडा घाईत नायट्रोजनमध्ये टाकला. सर गेल्यावर चिमट्यानं काढला, तर टेबलावर पडून काचेसारखा फुटला!

"मॅडम," ते हळहळले, "आता खायचा का झाडायचा?"

*

पहिल्यांदा नायट्रोजन ओतताना फस्स झालं आणि मी थेट स्टुलावर चढले. सर खालून शांतपणे म्हणाले, "तुझं संक्रमण सॅम्पलच्या आधीच होतं!"

*

आता फेब्रुवारीतली शेवटची मोजणी. सॅम्पल एकच उरलेलं. ते एकदा गारठलं की मोजेपर्यंत गरम होऊ द्यायचं नाही, हा सरांचा नियम. डॉक्टर त्या रात्री शहरात मुक्कामाला होते आणि त्यांचा नळ्यांचा कंटेनर आमच्या लॅबमध्ये होता. म्हणून माझी नळी मी त्यातच ठेवली, त्यांच्या नळ्यांशेजारी. सकाळी चिमट्यानं काढायला गेले आणि मागे स्टॅबिलायझर खट्‌कन वाजला. मी अशी दचकले! पण नळी सोडली नाही. बर्फानं माखलेली, तशीच यंत्रात घातली. डॉक्टर कंटेनर घेऊन काटोलला गेले.

दुपारी ग्राफ आला. सरळ रेघ! वळणाचा पत्ता नाही. मला समोर मार्च दिसला, काकू दिसल्या, मी रडायलाच लागले.

सर मात्र हरखले. "अगं, लोखंडानं चुंबकत्वच मारलं! नवीन रिझल्ट आहे हा!" आणि फळा भरून समीकरणं लिहिली.

"मॅडम, तुम्ही काहून रडून राहिल्या?" नामदेवभाऊ म्हणाले. "सर तर नाचून राहिले!"

तेवढ्यात फोन वाजला. मी पुन्हा दचकले. काटोलहून डॉक्टर, तारस्वरात:

"मॅडम, हा कोणता बैल आहे? इथं गाय उभी, मालक उभा, अर्धा तास झाला नळी कोमट पाण्यात, हा वितळूनच नाही राहिला! आत काळी पूड आहे!"

मी रिसीव्हर सरांच्या कानाला लावला.

सरांनी ऐकलं. फळ्याकडे पाहिलं. ग्राफकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, आमची नळी जपून ठेवा, मुलीची पीएचडी आहे ती," ते म्हणाले. "तुमचा बैल इथं सुखरूप आहे. आम्ही त्याला पूर्ण तपासलंय. अजिबात चुंबकीय नाही!"