भावाची उडी आणि माझा अनवाणी नवस

देव पावत नाही म्हणून लोक रडतात. मी देवी पावली म्हणून रडले.

धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली वाढला. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. माझं लग्न झालं, तेव्हा माझ्यासोबत म्हणून आला तो माझ्या सासरी मेहकरलाच राहिला. यजमान तहसील कचेरीत कारकून, स्वभावाने शांत, म्हणून निभावलं. पोरगं मुलखाचं उडाणटप्पू. इतर मुलं विहिरीच्या काठावरून उडी मारत, हा काठावरच्या लिंबाच्या फांदीवरून. मोठा होऊन पलटणीत गेला आणि विमानातून हवाई छत्री घेऊन उतरू लागला. छत्री उघडण्याआधी कितीतरी वेळ तो नुसताच आभाळातून खाली येत असे. सांगायचा, "बाई, पडल्यासारखं वाटतच नाही वं. कोनी तळहातावर घेतलं असं वाटते." ऐकूनच मला घेरी यायची.

एकदा त्याचं पत्र आलं. पलटणीत आजवर कोणी उतरलं नव्हतं इतक्या उंचीवरून उतरायला साहेबांनी त्याची निवड केली होती. मी आळीत पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी लोणारच्या कमळजादेवीला बोलले, "याचे पाय जमिनीवर ठेव. याचं उडणं थांबेपर्यंत मी पायात वहाण घालणार नाही." नवस मनात ठेवावा म्हणतात, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी त्याला तसं लिहून कळवलं. माझी माया त्याला कळावी असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर धाकही घालायचा होता.

पुढच्याच महिन्यात तो घरी आला. उडीच्या दिवशी विमानाच्या दारापर्यंत गेला होता, आणि परत फिरून बाकावर बसला होता. साहेब भला माणूस. त्याने महिन्याची रजा दिली आणि सांगितलं, आता एकदाच संधी देईन, नाहीतर छत्री कायमची जमा कर. भाऊ मला टाकून काही बोलला नाही. पडवीत बसून माझ्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहायचा. एकदाच म्हणाला, "दारात उभा राह्यलो अन् मले तुहे पायच दिसले." भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहायचा. मागितलं ते मिळालं होतं, आणि माझा भाऊ मात्र हरवला होता. नवस मोडावा, तर तो वर गेल्यावर देवी कोपेल ही भीती. न मोडावा, तर हा असा डोळ्यांदेखत विझणार.

रजेचे चार दिवस उरले, तेव्हा ओटीचं सामान घेऊन मी एकटीच लोणारला गेले. पायवाट खाली खाली झाडीत उतरत होती. वर गावाचा आवाज होता, तो हळूहळू विरला. तळ्याचं हिरवं पाणी इतकं स्थिर होतं, की मीच झोपेत चालते आहे असं वाटू लागलं. मोर कुठेतरी ओरडायचा आणि पुन्हा सगळं शांत व्हायचं. देऊळ दिसायला लागलं तोच बाभळीचा काटा टाचेत खोल गेला आणि मी मटकन खाली बसले. डोकीवर काटक्यांचा भारा घेतलेली एक म्हातारी तिथून चालली होती. भारा उतरवून तिने माझा पाय मांडीवर घेतला.

"काऊन वं माय, वहाणा कुठी हायेत?"

काटा निघेपर्यंत मी तिला सारं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला किती सहज सांगता येतं! म्हातारी हसली. "भाऊ देवीच्या हवाली केला म्हनतं, अन् अजून तूच त्याले धरून राह्यली? दोघींतून एकीनं तरी सोडा ना त्याले."

तिने आपल्या पायातल्या वहाणा माझ्यापुढे सरकवल्या आणि भारा उचलून झाडीत गेली. मी देवीची ओटी भरली. परतताना त्या वहाणा घातल्या. पुढे कित्येकदा तिथे गेले, ती म्हातारी काही दिसली नाही. कोण होती, याचा खल मी करत नाही.

घरी आले तेव्हा भावाने माझ्या पायांकडे पाहिलं, आणि उठून ट्रंक भरायला घेतली.

त्याची उडी होती त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि प्रथमच काही मागितलं नाही. मागण्यासारखं पुष्कळ होतं. तरी जीव शांत होता. तो सुखरूप उतरला, पलटणीत त्याचं नाव झालं, त्यापुढे त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. देवीचे उपकार मी कुठवर सांगू?

पुढच्या रजेत त्याला वाढताना मी विचारलं, "दारात उभा होतास, तेव्हा काय दिसलं रे?"

त्याने पोटभर जेवून हात धुतला, मग म्हणाला, "काहीच नाई वं बाई. त्या दिवशी मले कोनीच धरलं नोतं."