पांढऱ्या पडद्यावरचे पिवळे शेरे

चार वर्षांपूर्वी मी तरुण होते, त्रेसष्टची. शाळेतून निवृत्त झाल्यामुळे आपल्याला सगळंच येतं, असा माझा समज. त्या बाईचं मला अजून हसू येतं.

केनवडला आमच्या बायांच्या गटाची बियाणे बँक आहे. प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचं. हे आकडे ठेवायला नातीनं जुन्या लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम लिहून दिला. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण हुकूम टाइप करायचा, खाली ओळीनं उत्तर येतं. "खराब पोत्यापुढे शेरा येईल, आजी," एवढं सांगून ती पुण्याला गेली.

पडदा होता काळा. अंगणातल्या उजेडात त्यात माझंच तोंड दिसे. मी कोणाला न विचारता तो पांढरा करून टाकला. बाया आकडे सांगत, मी टाकत जाई. चाळीस पोती, शेरा एकाहीपुढे नाही! माझ्या वर्गाचा असा निकाल जन्मात लागला नव्हता, तरी मला शंका आली नाही. उलट गावभर मिरवलं.

पेरणीच्या आदल्या दिवशी यादी गटाला पाठवायची म्हणून मी माउस ओढून ओळी निवडल्या. निवडलेला भाग निळा झाला आणि त्यात पिवळी अक्षरं वर आली : उगवण कमी, पेरू नये. एक नाही, सहा पोती. त्यातलं एक माझी जुनी विद्यार्थिनी सकाळीच घेऊन गेली होती. तिचं सगळं वावर दोन एकर.

मी तशीच धावले. तिनं ताडपत्रीवर सोयाबीन पसरलं होतं.

"थांब वं, ते पेरू नको!"

"काहून? तुमीच तं पास म्हणलं."

"माहं चुकलं."

"बाई, हे पेरलं असतं तं दुसरं बी कुठून आणलं असतं मी?" मग माझ्याकडे पाहून हसली. "आन् आमाले एका वेलांटीसाठी बाकावर उभं करत होत्या!"

पोतं बदलून दिलं. मग नातीला फोन.

"आजी, पांढऱ्यावर पिवळं दिसतच नाही. सगळे पडदा काळाच ठेवतात."

"सगळे पंख्याखाली बसतात. मी अंगणात बसतो."

"मग गडद रंग देऊ?"

"उद्या कोणी काळा ठेवला तं तो बी बुडन. रंगाच्या भरवशावर नको राहू. ओळीच्या सुरुवातीलेच 'नापास' लिही, बाकीच्या अक्षरांच्याच रंगात."

ती म्हणाली, "हे मला सुचायला पाहिजे होतं." तिनं तसंच केलं. आता मालेगावकडच्या दोन गटांतही तेच चालतं. कोणी पडदा कसाही ठेवो, नापास ते नापासच दिसतं. कॉलेजात दाखवताना तिनं सांगितलं, ही दुरुस्ती माझ्या आजीची. ते ऐकल्यावर मी दोन दिवस हवेतच होते.

पेरल्यावर आठव्या दिवशी ती विद्यार्थिनी मला वावरात घेऊन गेली. तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, भरून उगवली होती. मी मुद्दाम अख्खं तास चालून पाहिलं. एकही जागा रिकामी नव्हती. परतताना भेटेल त्याला थांबवून मी ते सांगत होते. तीही सांगत होती, पण माझी चूक आधी.