‘चुलत नवरदेव’ आणि आमच्या गल्लीतले हौशीराम

रविवारची सकाळ होती. नळाला पाणी आलं म्हणून मी मागच्या अंगणात पिंप भरत होते, गॅसवर दूध तापत होतं आणि हे कुरकुंभहून रात्रपाळी करून येऊन नुकतेच आडवे झाले होते. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. आमच्याकडे बेल आहे, पण शेजारच्या धुरपदाबाई ती कधी वाजवत नाहीत. बेलनं झोपलेला माणूस दचकतो, असं त्यांचं म्हणणं. कडीसुद्धा त्या इतक्या हळू वाजवतात, की ऐकणाऱ्याला आपल्याला भास झाला असं वाटावं.

दार उघडलं तरी त्या आत येईनात. हाताला कणीक लागलेली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. त्या दिवशी त्यांच्याकडे त्यांच्या मालकांचं, हौशीरामांचं, वर्षश्राद्ध होतं. निमोण्याहून दीर, नणंद, भाऊबंद सगळे जीप करून दौंडला यायचे होते. मोठं पातेलं हवं असेल, म्हणून मी आत वळले, तर त्यांनी मान हलवली.

“ताई, आज दुपारी टीव्हीवर ह्यांचा पिच्चर हाय म्हणं. शितलनं पेपरात वाचलं.”

“चुलत नवरदेव?”

“व्हय. त्योच.”

आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण माझा पाय तिथून हलेना. त्यांच्याकडचा टीव्ही जुना, काळापांढरा, त्याला केबल नाही. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. विचारायला त्यांना जड जात होतं. मीच म्हणाले, जेवणं उरकली की सगळ्यांना इकडंच घेऊन या, सतरंजी घालून ठेवते. जाता जाता त्यांनी सांगितलं, “मी अजून बघितला न्हाई त्यो.”

मला आश्चर्य वाटलं. तो सिनेमा दौंडला लागला तेव्हा अख्खं निमोणं टेम्पोनं बघायला आलं होतं, हे मी ऐकून होते. बायकोच कशी राहिली? ते मला दुपारी कळलं. पण आधी हौशीरामांविषयी सांगायला हवं.

हौशीराम निमोण्यात लाऊडस्पीकर लावायचे. दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि पांढरा रुमाल गुंडाळलेला माईक. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांत त्यांच्याशिवाय मांडव हलत नसे. कर्णे लावणारे पुष्कळ होते, पण हौशीराम बोलायचे. आमच्या भागात अक्षता पडायच्या आधी स्टेजवरून सत्कार होतात. टॉवेल, टोपी, नारळ. अमुक गावचे माजी सरपंच, तमुक सोसायटीचे व्हाइस चेअरमन, नवरीचे थोरले मामा, सगळ्यांना नावानं बोलवायचं. पुढचं नाव मागं गेलं की भावकीत धुसफूस, आणि नाव राहूनच गेलं तर तो माणूस जेवणाच्या पंगतीला न बसता सरळ गाडीला किक मारतो. पुढे वर्षानुवर्षं त्या घराशी येणं-जाणं बंद. हौशीरामांच्या हातून असं कधी घडलं नाही. पंच्याण्णव सालाच्या आसपासची गोष्ट. तोवर त्यांच्या माईकमुळे कुणी रुसून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्याच सुमारास पुण्याची सिनेमावाली मंडळी निमोण्यात आली. लग्नाचं शूटिंग होतं, मांडवासाठी कर्णे हवे होते, म्हणून हौशीरामांना बोलावलं. माईक नीट चालतो का बघायला त्यांनी सवयीनं दोन-चार नावं पुकारली. दिग्दर्शकानं ते ऐकलं आणि ज्या नटाकडे माईकवाल्याचं काम होतं त्याला दुसरं काहीतरी देऊन हे काम हौशीरामांना दिलं.

सिनेमा विनोदी. त्यातला नवरदेव ऐन मुहूर्तावर पळून जातो आणि तो सापडेपर्यंत बाशिंग बांधून त्याच्या लग्न झालेल्या चुलतभावाला बोहल्यावर बसवतात. हे वऱ्हाडाला कळता कामा नये. मुलीचा बाप घाईघाईनं माईकवाल्याच्या कानात सांगतो, जरा वेळ काढा. आणि मग हौशीराम वेळ काढतात. आधी मामांचा सत्कार, मामा म्हणून. मग त्याच मामांचा सोसायटीचे सभासद म्हणून. मग विहिरीला पाणी लागल्याबद्दल. टॉवेल संपतात, तेव्हा मामांच्याच खांद्यावरचा काढून तो आचाऱ्याला घालतात. नवरदेवाचा अजून पत्ता नसतो. माणसं संपतात. शेवटी हौशीराम इकडंतिकडं बघतात आणि त्याच आवाजात सांगतात, “आता या ठिकाणी बोलत असलेले हौशीराम यांचा सत्कार हौशीराम यांच्या शुभहस्ते होत आहे.” स्वतःच स्वतःला नारळ देतात आणि वाकून स्वतःचेच आभार मानतात.

मी हा सिनेमा लग्नाआधी पुण्यात कॉलेजला असताना पाहिला. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. पेपरात दोन ओळी आल्या होत्या, ग्रामीण विनोदाचा फसलेला प्रयत्न, अशा. त्या काळातल्या विनोदी सिनेमांत माणसं हौदात पडायची, बाप्ये लुगडी नेसायचे, आणि खेडेगावचा माणूस म्हटला की तो बावळटच असायचा. इथं कुणी पडत नाही. कुणाच्या बोलण्याची, कपड्यांची टिंगल नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या माईकवाल्याला आपण विनोद करतोय हे माहीतच नाही. त्याच्या डोळ्यांत भीती आहे. हे लग्न मोडलं तर त्या पोरीचं काय होईल, ही. आपण हसत असतो आणि तो एका मुलीची अब्रू टॉवेल-टोपीनं सावरत असतो. असं हसू मला नंतर फार थोड्या सिनेमांत मिळालं. हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे, पण ज्याचा सिनेमा कुणी बघितलाच नाही त्याच्याबद्दल ऐकून कोण घेणार?

पुण्यातून सिनेमा आठवड्याभरात उतरला आणि मग दौंडला लागला. हौशीरामांनी टेम्पो ठरवून गाव आणलं. स्वतः मधल्या रांगेत बसले. त्यांचं काम आलं आणि थिएटरात कुणी हसलं नाही. चिडीचूप. लोक मन लावून बघत होते, अगदी मनापासून. फक्त, यात हसायचं असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रोजचंच तर होतं! मागच्या रांगेतून एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, मामाला टॉवेल काय देतोस, फेटा बांधाय पायजे व्हता. त्यावर शेजारच्यानं सांगितलं, मुलीकडचं मामं असतील, त्यांना टॉवेल चालतो. दोघांचा त्यावर वाद झाला. परतीच्या टेम्पोत हौशीरामांचे धाकटे भाऊ सोपानराव म्हणाले, “दादा, काम झ्याक केलंस, पण कॉमेडी कवा लागली? एवढ्या लांब हसवाय म्हणून आणलंस, निदान भजी तरी खाऊ घालायची.” तेव्हा मात्र सगळा टेम्पो हसला.

सोपानराव काही दुष्ट नव्हेत. थट्टा होती. पण ती हौशीरामांना आत कुठंतरी लागली. पुढच्या लग्नात माईक हातात घेतला आणि त्यांचा आवाज निघेना. धुरपदाबाईंना ते म्हणाले होते, “आता नाव पुकारलं की वाटतं, मी सोंग करतुया.” त्या दिवशी एका पाहुण्याचं नाव राहिलं. तो पाहुणा पंगतीला न बसता उठून गेला. महिनाभरात हौशीरामांनी कर्णे सोपानरावांना देऊन टाकले आणि कुरकुंभच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. बायकोमुलीला घेऊन दौंडला आमच्या गल्लीत राहायला आले ते तेव्हा.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा हौशीराम म्हणजे सायकलवरून कामावर जाणारा एक अबोल माणूस. मी त्यांना ओळखलं ते गणपतीत. मुलांनी आरतीनंतर बक्षिसांची नावं वाचायला त्यांच्यापुढं माईक धरला आणि ते एवढंच म्हणाले, “नगं रं बाबा, दुसऱ्या कुणाला दे.” माईक चालू होता. तो आवाज ऐकला आणि मला अख्खा मांडव आठवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फाटकापाशी गाठलं. सांगितलं, मी तुमचा सिनेमा पाहिलाय, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. ते अवघडले. “वैनी, मन राखाय म्हणताय.” मी त्यांना ते सगळं काम पहिल्यापासून सांगितलं. मामा, विहीर, आचारी. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त कुठं हसलात? मी म्हणाले, स्वतःचा सत्कार केलात तिथं. त्यांनी सायकलच्या हँडलवरून हात फिरवला. “ते मला कुणी सांगितलं न्हवतं. माझ्या मनानं केलं व्हतं.”

मला वाटलं, आता हा माणूस खुलणार. पण ते म्हणाले, “पन तुमी पुन्याच्या. पुन्याची मान्सं आमच्या लग्नाला हसणारच. ज्यांचं लग्न हाय ती हसली पायजे व्हती.”

परक्याचं हसू त्यांना टिंगल वाटत होतं आणि घरचं हसू त्यांना मिळालंच नव्हतं. नंतर कधी मी तो विषय काढला की ते हळूच दुसरंच काहीतरी बोलायचे, शितलच्या अभ्यासाचं, पाण्याचं. दोन हजार चार साली कावीळ झाली, ती अंगात मुरली आणि ते गेले. त्यांच्या दहाव्याला निमोण्याहून आलेले लोक म्हणत होते, आता हौशीरामसारखं नाव पुकारणारं कुणी उरलं नाही. ऐकायला आता ते नव्हते.

तर त्या रविवारी जेवणं उरकून सगळे आमच्याकडे आले. सोपानराव, नणंद कुशाबाई, नात्यानं सासरे लागणारे म्हातारे मारुतराव, भावकीतली आणखी काही मंडळी. वर्षश्राद्धाला आलेली माणसं बसतात तशी सतरंजीवर पाय दुमडून, खाली मान घालून बसली. शितल टीव्हीपाशी बसली. धुरपदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, किती म्हटलं तरी बसल्या नाहीत.

सिनेमा सुरू झाला आणि जाहिरातीच्या वेळी मी त्यांना हळूच विचारलं, तेव्हा टेम्पोतून तुम्हीही आला होतात ना, मग पाहिला कसा नाही? त्या म्हणाल्या, “मी पडद्याकडं बघितलंच न्हाई, ताई. ह्यांच्याकडंच बघत व्हते. आधी ह्ये हसत व्हते. मग मागं वळून मान्सांकडं बघाय लागले. मग खाली बघत बसले, त्ये उठस्तवर.”

पुढं नवरदेव पळाला. चुलतभावाला बाशिंग बांधलं, त्याच्या बायकोला ते कळलं आणि ती भरल्या मांडवात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी बघत होते ते टीव्हीकडे नाही, माणसांकडे. कुशाबाईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. मारुतरावांचे खांदे हलत होते. सोपानराव पंच्यानं पुन्हा पुन्हा तोंड पुसत होते, पण घाम नव्हता. दहा वर्षांत लग्नं मंगल कार्यालयात गेली होती, बँडच्या जागी डीजे आला होता. तो मांडव आता त्यांच्यापासून एवढा लांब गेला होता की त्यातली गंमत त्यांना दिसू लागली होती. पण घरात श्राद्ध. मेलेल्या माणसाच्या नावानं जेवून आल्यावर हसायचं कसं? म्हणून सगळे ओठ आवळून बसले होते. थोड्या वेळानं हौशीराम पडद्यावर येणार होते आणि दुसऱ्यांदा त्याच माणसांसमोर तशाच शांततेत बोलणार होते.

पुन्हा जाहिराती लागल्या. सोपानरावांनी डोळे टिपले आणि भावाची आठवण आली म्हणून टिपतोय असं दाखवलं. कुशाबाई म्हणाल्या, पोरी, आवाज जरा बारीक कर, बरं न्हाई दिसत. शितलचा हात रिमोटकडे गेला.

धुरपदाबाई चौकट सोडून पुढं आल्या. मी त्यांना सात-आठ वर्षं ओळखत होते. चार माणसांसमोर, त्यात दिरासमोर, तोंड उघडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शितलच्या हातातला रिमोट काढून घेतला.

“भाऊजी, आक्का, मामा,” त्या म्हणाल्या. “आता ह्ये येतील. आज त्यांचं श्राद्ध हाय म्हणून कुणी गप बसू नगा. हसू न्हाई आलं तर न्हाई. पन आलं तर दाबू नगा. एवढंच करा.”