सरहद्दीपलीकडचा दाखला

पांढुर्ण्याला गाडीत बसलो आणि शांताने दाखल्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली. शांता माझी धाकटी बहीण, नववी पास. आमच्या खेड्यात पुढची शाळा नाही. पुलगावला मामा आहेत, हिंदी शाळाही आहे. तिथे प्रवेश मिळाला तर शिकायचं, नाहीतर घरी बसायचं, असं बाबांनी सांगून टाकलं होतं.

नरखेड आल्यावर, आपण मध्यप्रदेशातून महाराष्ट्रात आलो, असं मी तिला सांगितलं. तिने बाहेर पाहिलं. "इथंबी पऱ्हाटीच (कपाशी) हाय की!"

नागपूरला गाडी बदलली. सिंदीजवळ डोळ्यात कोळशाचा कण गेला, त्यामुळे पुढची काळीभोर शेतं मी एकाच डोळ्याने पाहिली.

पुलगावला मामीने पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) वाढला. मी तीन पेले पाणी प्यालो. मामी म्हणाली, "काऊन (का) रे? कालेजात तिखट खायाले नाई शिकवत काय?"

सकाळी शाळेत गेलो. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. खिडकीतल्या बाबूजींनी दाखला उलटसुलट केला. काही कमी पडू नये म्हणून मी त्यावर सरपंच, सोसायटी आणि पोस्टमास्तर, सगळ्यांचे शिक्के घेतले होते.

"पोष्टाचा शिक्का? पोरगी पार्सलनं पाठवून राह्यले काय भाऊ?" ते हसले. मग म्हणाले, "परराज्याचा दाखला हाय. तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची सही लागते. ते नाई."

ती सही छिंदवाड्याला मिळते. जाऊन येईपर्यंत प्रवेश बंद. शांता जमिनीकडे पाहू लागली.

मी चाचरत म्हणालो, "एका राज्याचे कागद दुसऱ्याने खरे मानावेत, असं राज्यघटनेत आहे. आम्हाला शिकवलंय."

"असन. पण सही मले लागते ना!"

आमचं बोलणं ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी दाखला वाचला, शांताला हिंदीचा एक धडा वाचायला लावला.

"बाबूजी, हिला आजच वर्गात बसवा. दाखला आपण रजिस्टर पोस्टाने छिंदवाड्याला पाठवू, सही होऊन येईल."

"पण बाई, नियम..."

"इथल्या लष्कराच्या डेपोतल्या लोकांच्या बदल्या होतात, तेव्हा आपल्या मुली जबलपूरला जातात. तिथल्या खिडकीतून त्यांना परत पाठवलं तर चालेल तुम्हाला?"

बाबूजींनी रजिस्टर ओढलं. "नाव सांग व पोरी. जोरानं सांगजो."

परतताना बाकावर शेजारची जागा रिकामी होती. वर्गात ते कलम पाठ केलं, तेव्हा मला वाटायचं, राज्यं म्हणजे दिल्लीत बसलेली मोठी माणसं. पण आपलं राज्य दुसऱ्याशी कसं वागतं, हे पुष्कळदा एखाद्या शाळेच्या खिडकीवरच ठरत असावं. नरखेड कधी गेलं, कळलंही नाही.

आई दारातच उभी होती. माझ्या मागे कोणी नाही हे तिने पाहिलं आणि ती हसली.