गुरुवारी पुठ्ठ्यात गेलेलं चर्च

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चची जेवढी काळजी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना होती, तेवढी खुद्द इंग्लंडच्या राजालाही नसेल. गंमत म्हणजे वहिनी इंग्लंडला कधी गेल्याच नव्हत्या. जन्म साताऱ्याचा, कॉलेज पुण्याचं आणि नवऱ्याच्या नोकरीमागून मुक्काम टोकियोतल्या हिगाशी-कसाईला. आर्किटेक्चर शिकताना लायब्ररीत सात-आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी चर्चवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि बाई कामातून गेल्या. मैत्रिणी सिनेमातल्या हिरोंवर भाळत होत्या तेव्हा ह्या छपराच्या तुळयांवर भाळल्या. भावजींना हे सगळं लग्नाआधी माहीत होतं. "मला वाटलं, छंद आहे," ते एकदा मला हळूच म्हणाले, "लग्न झाल्यावर सुटेल."

सुटला तर नाहीच, उलट घरभर पसरला. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरची खोली म्हणजे भाविकांचा सभामंडप आणि स्वयंपाकघर म्हणजे गाभारा. जुन्या चर्चमध्ये ह्या दोन भागांच्या मधे नक्षीचा लाकडी जाळीदार पडदा असे, म्हणून वहिनींनी जुन्या सामानाच्या दुकानातून तसला पडदा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. स्वयंपाक चालू असताना भावजींनी जाळीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. ते रिकामा कप घेऊन अलीकडे उभे राहायचे आणि चहा जाळीतून मिळायचा. तिकडच्या पाद्र्यांना म्हणे तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करावी लागे, म्हणून त्यांच्या घडीच्या बाकांना खालून एक छोटी फळी असायची. माणूस उभा दिसायचा, पण खरं तर टेकलेला असायचा. वहिनींनी तशी फळी ओट्यासमोरच्या भिंतीला ठोकली आणि तिच्यावर टेकून पोळ्या लाटायला सुरुवात केली. मी मनसोक्त हसले. मग एकदा टेकून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याही भिंतीला फळी आली. गणपतीत तर त्यांनी मखरच टोकदार कमानींचं केलं, वर पन्हाळीच्या जागी, जुन्या चर्चवर असतात तशी, तोंड वासलेली दोन भुतं. दर्शनाला आलेल्या एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुरेख झालंय हो. पण बाप्पा नाताळला आलेत का?"

अशा बाईला स्टेशनजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, मिळावं हा नशिबाचाच खेळ. इथे एरवी चर्चची पायरीही न चढणाऱ्यांना लग्न मात्र पांढऱ्या झग्यात, चर्चमध्ये हवं असतं. त्यासाठी इंग्लंडच्या खेड्यातल्यासारखं एक चर्चच बांधून ठेवलेलं, बाहेरून दगडी, आतून प्लायवुड. वहिनींचं काम मेणबत्त्या लावण्याचं आणि पाहुण्यांना जागा दाखवण्याचं. त्यांनी पहिल्याच दिवशी अकरा चुका काढल्या. पूर्वेला हवी ती वेदी स्टेशनकडे तोंड करून होती. मनोऱ्यात घंटेऐवजी स्पीकर होता. पण सगळ्यात जिव्हारी लागली ती फॉन्टची गोष्ट. फॉन्ट म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याचं मोठं दगडी भांडं. ते ह्या मंडळींनी पार पुढे वेदीजवळ ठेवून त्यात कागदी फुलं खोचली होती.

"अहो, ते दाराशी असतं!" वहिनी मला तळमळून सांगायच्या. "येणाऱ्या माणसाला दारातच आपलं म्हणायचं. इतकं आत ठेवलं तर तिथवर जाईपर्यंत तो बिचारा परकाच की!"

त्यांनी हे हॉलच्या मॅनेजर-सानना, म्हणजे मॅनेजरसाहेबांना, सांगितलं. मॅनेजर-सान कमरेत वाकून म्हणाले, "केन्तो शिमास." म्हणजे, विचार करतो. जपानात एक वर्ष काढलेल्या कुणालाही कळतं की साहेब 'विचार करतो' म्हणाले की विषय संपला. वहिनींनी इथे सहा वर्षं काढली होती, तरी त्या दर वेळी आनंदाने घरी यायच्या आणि इमारतीत पेढे वाटायच्या. त्या फॉन्टपायी मी चार वेळा पेढे खाल्लेत.

मग भावजींची पुण्याला बदली झाली. हातात एक महिना. वहिनींनी घंटा सोडली, दिशा सोडली, बाकी आठही चुका पोटात घातल्या. "पण ते भांडं दाराशी पाहिल्याशिवाय मी विमानात बसणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं आणि मॅनेजर-सानना दाखवायला खऱ्याखुऱ्या चर्चची प्रतिकृती करायला घेतली. तीन आठवडे इमारतीतला एकही खोका कचऱ्यात गेला नाही. पुठ्ठ्याच्या भिंती, चॉपस्टिकच्या तुळया, उचलून आत बघता येईल असं छप्पर आणि नूडल्सच्या कपाला राखाडी रंग देऊन केलेला फॉन्ट. खोटं कशाला सांगू, बघून माझा ऊर भरून आला.

गुरुवारी सकाळी दहाला मॅनेजर-साननी वेळ दिली होती. छप्पर हलू नये म्हणून वहिनींनी चर्च सुतळीने आडवं-उभं बांधलं, खाली आणलं आणि सायकलींशेजारच्या स्वच्छ जागेवर ठेवलं. फॉन्टचा रंग वाळायचा होता म्हणून तो वरच राहिला होता. तो आणायला त्या धावल्या. मी पाठमोरी सायकलचं कुलूप काढत होते. आता, गुरुवार हा आमच्याकडे पुठ्ठ्याचा कचरा उचलण्याचा वार, आणि पुठ्ठा सुतळीने आडवा-उभा बांधून त्याच स्वच्छ जागी ठेवायचा असतो. अख्ख्या इमारतीला कचऱ्याचे वार शिकवणाऱ्या वहिनी स्वतःच ते विसरल्या. मी वळले तेव्हा कचऱ्याची गाडी चर्च घेऊन कोपऱ्यावर पोचली होती.

आम्ही सायकलींवरून सुटलो. पुढे वहिनी, एका हातात हँडल, एका हातात फॉन्ट, "सुमिमासेन! माफ करा, थांबा हो! चर्च आहे ते!" आणि मागे मी. मधे सिग्नल लाल झाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी आम्ही दोघी मुकाट्याने थांबलो. इतकी वर्षं जपानात राहिल्याचा परिणाम. तिसऱ्या कोपऱ्यावर गाडी सापडली. कामगाराने चर्च दोन्ही हातांनी, वाकून परत दिलं. मनोरा, मंडप, गाभारा, सगळं पापडासारखं सपाट झालं होतं. वहिनीही वाकल्या. त्या वाकल्या त्या जरा जास्तच वेळ वाकलेल्या राहिल्या.

तरी गेल्या. मॅनेजर-सानच्या टेबलावर त्यांनी सपाट चर्च पसरलं, दार होतं तिथे नूडल्सचा कप ठेवला आणि दारातच माणसाला आपलं म्हणायची ती गोष्ट मोडक्यातोडक्या जपानीत सांगितली. मॅनेजर-साननी तो कप उचलून आत पाहिलं आणि होता तिथेच परत ठेवला. मग वाकून म्हणाले, "केन्तो शिमास."

ह्या वेळी पेढे आले नाहीत. "कळलं हो मला," वहिनी एवढंच म्हणाल्या आणि सामान बांधायला लागल्या. जाळीचा पडदा मला देऊन, चष्मा पुसत, त्या विमानात बसल्या.

त्यानंतर आठवडाभराने मी स्टेशनवरून येत होते. चर्चमध्ये लग्न होतं, दार सताड उघडं. आणि दाराच्या आत, अगदी उंबऱ्याशी, ते दगडी भांडं! कागदी फुलं गेलेली, आत चक्क पाणी. शेजारी उभे मॅनेजर-सान येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. मी रस्त्यातच रडले. फोटो काढून वहिनींना पाठवला. उत्तर आलं, "दोन फूट डावीकडे हवं होतं." आणि त्याखाली, "आज पेढे माझ्याकडून, तिथे सगळ्यांना वाटा."

वाटले. पण घरी आल्यावर फळीला टेकून पोळ्या लाटताना मला माझाच इथला पहिला दिवस आठवत राहिला. दोन बॅगा, इमारतीचं दार उघडायचा नंबर माहीत नाही, नवरा ऑफिसात. तेवढ्यात आतून एक अनोळखी बाई आली, हातात पाण्याची बाटली आणि कचऱ्याच्या वारांचा कागद. "या, दमला असाल. तुम्ही आमच्याच," असं ती म्हणाली होती, मी उंबरा ओलांडण्याआधी. फार आठवण येते वहिनींची.

वहिनींच्या घरात आज नवीन कुटुंब येतंय, नागपूरचं. टॅक्सी कोपऱ्यावर दिसतेय. मी पाण्याची बाटली आणि तो कागद घेऊन दाराशी उभी आहे.