तीन हाका

रात्रपाळीहून आलेला, कागद गिरणीच्या रुळांवरचा झिपरू सांधेवाला सकाळचे दहा वाजले तरी खाटेवर नुसता पडून आहे. झोप पापणीपर्यंत येते आणि तिथूनच माघारी जाते. सहा दिवस हेच चाललंय. गिरणीचा भोंगा, कालव्यात बांबूचे ताफे एकमेकांवर आपटल्याचा आवाज, मालडब्यांची आदळआपट, या गोंगाटात त्यानं अकरा वर्षं ढाराढूर झोपा काढल्या आहेत. आता अंगाचं चिपाड झालं तरी डोळा लागत नाही, आणि आज चार वाजता अपघाताच्या चौकशीच्या साहेबापुढे जबानीवर सही करायची आहे.

जबानी तशी खरीच आहे. कोळशाचा डबा साखळीतून सुटला आणि उतारावरून कालव्याच्या घाटाकडे निघाला. तिथे रुळात नवा मजूर डोमा नैताम उभा होता. झिपरूनं तीनदा हाक मारून सांगितलं, तरी तो हलला नाही. एवढंच. पण खाली साहेबानं स्वतःच्या हातानं लिहिलंय की मयत दारू प्यालेला असावा. शुद्धीतला माणूस असा उभा राहील कशाला? डोमाची बायको बिरजाबाई गावाहून आल्यापासून शेजारच्या खोलीत बसून आहे आणि येईल त्याला एकच विचारते, "ते पेत नव्हते जी. मंग हल्ले काऊन नाई?" झिपरूही स्वतःला तेच विचारतो. कळलं असतं तर झोप आली असती.

तो कूस बदलतो, तर खाटेच्या कडेला डोमा बसलेला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

"झिपरूभाऊ, निजले का जी?"

"कसला निजतोय बाबा. सरक जरा, पाय पसरू दे."

मेलेल्या माणसाला आपण सरक म्हणतोय, याचं झिपरूला काहीच वाटत नाही. भ्यायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं. डोमा सरकतो आणि खाट हलायला लागते. खाट कुठली, बांबूचा ताफाच आहे तो. डोमा उभा राहून लांब काठीनं रेटतोय. पाण्यावर गिरणीच्या लगद्याचा पांढरा फेस आहे आणि तळाशी रूळ दिसतायत.

"नऊ वर्सं ह्या पान्यात काढली," डोमा म्हणतो. "मुकादम म्हने, यार्डात जाय, कोरडं काम हाये. तिसऱ्याच दिवशी हे असं झालं."

"डोमा, मी तीनदा ओरडलो रे. तुला ऐकू गेलं नाही?"

"गेलं ना जी. तीनई डाव."

"मग?"

"मंग का, उभा रायलो. तुमीच तं सांगतलं."

"मी काय सांगितलं?"

"आठवा बरं."

झिपरू आठवायला जातो तो ताफा नाही, कालवा नाही. तो रुळांचा सांधा बदलायच्या खटक्यापाशी उभा आहे, खटका हाताला गार लागतोय आणि डोमा समोर, रुळांत. या गिरणीत सगळे डबाच म्हणतात. झिपरू मूळचा भुसावळचा. तिथल्या जुन्या लोकांसारखाच तो मालडब्याला वाघीण म्हणतो. बाप म्हणायचा, म्हणून हाही म्हणतो. कोणी कधी हसलं नाही की विचारलं नाही.

"वाघीण," तो हळूच म्हणतो. "वाघीण सुटली, म्हणालो."

"हं. आमच्या गावाले वाघीन सुटली का मानूस पळत नाई जी. पळला का गेला. जागेवर उभं रायचं, दम धरायचा. मी तिकडं बांबूच्या ढिगाकडं पायत होतो, कुठून येते म्हून. मांगून डबा येते, हे कोनाले ठाऊक? तुमी जितक्या जोरानं वरडले, तितका मी घट्ट उभा रायलो."

झिपरू खटक्यावरचा हात काढून घेतो. "म्हणजे मीच मारलं तुला."

"तुमी वाचवाले गेले. पन बिरजीले सांगा, मी पेलो नव्हतो."

"सांगितलं तर ही असली हाक का मारली, शिट्टी का फुंकली नाही, विचारतील. नियम शिट्टीचा आहे. नोकरी जाईल माझी."

"नोकरी तं जाईन जी," डोमा शांतपणे म्हणतो.

त्याच्या पाठीमागून, पाण्यावरून, काही आवाज न करता डबा येतोय. झिपरू दुसरा शब्द शोधतो. रोज शंभरदा ऐकलेला, दोन अक्षरांचा शब्द, पण जिभेवर येत नाही. जो येतो तोच तो जीव खाऊन ओरडतो.

जाग येते ती घसा फाटल्यानंच. बाहेर पळापळ चाललीय. त्या दिवसापासून ही हाक वस्तीत सगळ्यांना पाठ झाली आहे. बाया वाळत घालायचे कपडे टाकून दारापुढच्या रुळांवरून उड्या मारून बाजूला झाल्यात. झिपरू धडपडत दाराशी येतो.

रुळांच्या मधोमध बिरजाबाई उभी आहे. नळावरून येत होती बहुतेक. डोक्यावर पाण्याची गुंडी, नजर बांबूच्या ढिगावर, छातीसुद्धा हलत नाही. गुंडीतलं पाणी ओघळून तिच्या कानाशी, गळ्याशी उतरतंय, पण ती ते पुसत नाही.

झिपरू तसाच अनवाणी तिच्यापाशी जातो.

"वहिनी, या बाजूला. वाघीण नाही आली."

"तुमीच तं वरडले," ती ओठ न हलवता म्हणते.

"आमच्याकडं त्या डब्याला वाघीण म्हणतात." तो सायडिंगवरच्या कोळशाच्या डब्याकडे बोट करतो. "त्या दिवशीही मी हेच ओरडलो होतो. तीनदा."

बिरजाबाई गुंडी खाली ठेवते. डब्याकडे बघते, मग झिपरूकडे.

"मंग बराबर उभे रायले ते."

"हो."

"साहेबाले सांगसान?"

झिपरू खाकरून थुंकतो तर थुंकीत रक्ताचा तांबडा धागा. तो मान डोलावतो.

"मानेनं नाई जी," बिरजाबाई म्हणते. "तोंडानं सांगा."